मेहेर, मताअ आणि पोटगी

टाकवे बुद्रुकची एक घटस्फोटित बाई मला विचारत होती, "आपा, मेहेर घेतला, इद्दतचे पैसेही घेतले. जमातीसमोर सही केली. आता वडगावच्या कोर्टात गेले तर साहेब हाकलून देतील का?" हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. तोंडी तलाक बंद व्हावा, ही त्यांची मागणी होती. त्या काळात फौजदारी कायद्याची पोटगी फक्त 'पत्नी'ला मिळे. तलाकचा शब्द उच्चारला की पत्नीपण संपे आणि पोटगीही संपे.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने घटस्फोटित, पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीलाही 'पत्नी'त धरले. मात्र कलम १२७ मध्ये एक वाट मोकळी राहिली : व्यक्तिगत कायद्याप्रमाणे तलाकच्या वेळी देय असलेली रक्कम दिली असेल, तर पोटगीचा हुकूम रद्द करता येई. मेहेर हातावर ठेवला की नवरा सुटला, असा अर्थ पुष्कळांनी काढला.

तो अर्थ मुंबईच्याच बाई ताहिरा खटल्यात खोडला गेला. १९५६ चे लग्न, १९६२ चा तलाक. मेहेर ५,००० रुपये आणि इद्दतचे १८० रुपये ठरले. पुढे तिने पोटगी मागितली. मॅजिस्ट्रेटने ती मंजूर केली, वरच्या कोर्टांनी नाकारली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ती पुन्हा दिली. कसोटी साधी होती : दिलेली रक्कम दरमहाच्या पोटगीची जागा घेऊ शकते का? मी वर्गात व्याजाचे गणित शिकवते. दरसाल ६ टक्क्यांनी ५,००० रुपयांचे व्याज महिन्याला २५ रुपये होते. एवढ्यात मुंबईत कोण जगेल?

मग १९८५ चा शाहबानो निकाल आला. इंदूरच्या त्या वृद्धेला खालच्या कोर्टाने महिन्याला २५ रुपये दिले होते. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम कायम ठेवला. देशभर वादळ उठले आणि १९८६ चा मुस्लिम महिला कायदा झाला. नवऱ्याची जबाबदारी इद्दतपुरतीच, असे सांगितले जाऊ लागले. पण कायद्याचे शब्द वेगळे होते : 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' इद्दतच्या मुदतीत करायची. मुदत देण्याची आहे, तरतूद मात्र पुढच्या आयुष्याची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली जबाबदारी इद्दतपुरती नाही असे ठरवले आणि २८ सप्टेंबर २००१ रोजी दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ मान्य केला. सूरह बकराच्या २४१ व्या आयतीतही घटस्फोटितेला मताअ देण्याची आज्ञा आहेच. १० जुलै २०२४ च्या निकालाने घटस्फोटितेला १९८६ चा कायदा किंवा कलम १२५, दोन्ही दारे खुली असल्याचे स्पष्ट केले. नव्या संहितेत ते कलम आता १४४ आहे.

आकडा कसा ठरतो? नवऱ्याची ऐपत, बाईची गरज, लग्नात असतानाचे राहणीमान, तिची स्वतःची कमाई आणि मिळालेली रक्कम पाहतात. ५०० रुपयांची जुनी मर्यादा २००१ मध्ये उठली. नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्याच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. मुलांचा हक्क वेगळा असतो. आईचा तलाक झाला म्हणून तो बुडत नाही.

मी तिला सांगितले, साहेब हाकलणार नाहीत, कागद मात्र मागतील. निकाहनामा, मुलांचे शाळेचे दाखले, नवऱ्याच्या पगाराचा काही पुरावा आणि जमातीत सही केलेल्या कागदाची नक्कल. ती गप्प झाली. "नक्कल दिलीच नाही," म्हणाली.

कायदा वडगावपर्यंत पोहोचला आहे. जमातीच्या बैठकीत सही घेण्यापूर्वी कागद बाईला वाचून दाखवणे आणि नक्कल तिच्या हाती देणे, एवढे काम मात्र कोर्टाचे नाही. ते आपले आहे.