रकाना आणि माणूस

शिरगणतीचा आकडा म्हणजे माणसांचा आकडा, असे आपण धरून चालतो. मी मात्र अशी कोष्टके हाती घेतो तेव्हा आधी रकान्याची व्याख्या वाचतो. आपल्या समाजाला या व्याख्येची किंमत मोजावी लागली आहे.

१९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि १९६१ च्या शिरगणतीत हा आकडा २७ लाख ८९ हजारांवर गेला. दारात आलेल्या प्रगणकाला ‘बौद्ध’ असे सांगणे सोपे नव्हते. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध आले नाहीत. राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, तरी केंद्राच्या यादीतून ते बाहेरच राहिले. म्हणून कित्येक घरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि पेटीत ‘हिंदू महार’ असा दाखला, अशी स्थिती झाली. या घरांना दुटप्पी म्हणणाऱ्यांना मी विचारतो : भाकरी की स्वाभिमान, ही निवड त्यांच्यावर लादली कोणी?

आता पुढचा आकडा पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींची संख्या १९८१ मध्ये सुमारे ४४ लाख ८० हजार, म्हणजे ७.१ टक्के होती. १९९१ मध्ये ती ८७ लाख ५८ हजार, म्हणजे ११.१ टक्के झाली. राज्याची लोकसंख्या याच काळात २६ टक्क्यांच्या आत वाढली. नुसता आकडा वाचणारा म्हणेल, ‘यांना पोरेच फार!’ पण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला होता. माणसे आधीपासून होतीच. ती आता मोजली गेली.

मोजणीतून सत्तेचा वाटा ठरतो. १९७१ च्या शिरगणतीवर ठरलेल्या विधानसभेतील १८ राखीव जागा दीर्घकाळ तशाच राहिल्या. २००१ च्या आकड्यांवर पुनर्रचना होऊन २००९ च्या निवडणुकीत त्या २९ झाल्या. तोवर एक पिढी म्हातारी झाली.

पुढच्या शिरगणतीत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केला आहे. कार्यकर्त्यांनी आतापासूनच वस्तीवस्तीत बसून रकाने समजावून सांगितले पाहिजेत. कोणता प्रश्न विचारला जाईल, उत्तर कोणत्या शब्दांत लिहिले जाईल आणि त्या उत्तराने काय मिळेल वा जाईल, हे प्रगणक दारात येण्यापूर्वी प्रत्येक घराला ठाऊक असावे.