निजामाचे हजार पौंड आणि रुग्णाचा श्वास

मराठवाड्यात निजाम म्हटलं की रझाकार आणि १९४८ची पोलीस ॲक्शन आठवते. त्याच संस्थानात साठ वर्षं आधी घडलेली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

१८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मने दगावली. तेव्हापासून वाद पेटला. क्लोरोफॉर्म आधी काय थांबवतो, हृदय की श्वास? लंडनचे डॉक्टर नाडी धरून बसत, तर एडिंबराचे श्वासाकडे बघत. एडिंबराच्या परंपरेतले एडवर्ड लॉरी हैदराबादच्या मेडिकल स्कूलचे प्रमुख होते. १८८८ मध्ये त्यांनी पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन बसवलं. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने निष्कर्षावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले आणि शंका घेणाऱ्यांनाच सांगितलं, तुमचा माणूस पाठवा. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि ब्रंटन मत बदलून परतले. आधी श्वास थांबतो, तेव्हा लक्ष श्वासावर ठेवा, असं कमिशनने सांगितलं.

सल्ला मोलाचा होता, पण सत्य अर्धंच होतं. १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी बंद पडू शकतं.

आज क्लोरोफॉर्म गेला, पण धोका राहिला. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या मॉर्फिनसारख्या औषधांनी वॉर्डात झोपलेल्या रुग्णाचा श्वास मंदावतो. नर्स काही तासांनी येऊन श्वास मोजते, मधल्या वेळेत नजर कुणाची? म्हणून आता न्यूरल नेटवर्कला हे काम शिकवलं जातंय. हजारो रुग्णांच्या श्वासांची गती, रक्तातला ऑक्सिजन, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांच्या नोंदींवरून ते धोक्याची चाल ओळखायला शिकतं. लॉरींचा न झोपणारा शागिर्दच म्हणा.

पण शागिर्द शिकतो ते दिलेल्या धड्यांवरून. २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोटावरचा ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के ऑक्सिजन दाखवत असताना धमनीतल्या रक्तात तो प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी असल्याचं काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के नोंदींत आढळलं. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्के होतं. असे आकडे जसेच्या तसे शिकणारं यंत्र सावळ्या माणसाचा घुसमटणारा श्वासही ‘ठीक’ म्हणून सोडून देईल. आणि आपण बहुतेक सगळे सावळेच.

झोपेतला रुग्ण हरकत घेऊ शकत नाही. त्याच्या वतीने आधीच विचारायला हवं, हे यंत्र कुणाच्या श्वासांवर शिकलं? आणि ते विकणाऱ्यांनी निजामासारखे पदरचे पैसे देऊन शंका घेणाऱ्याला तपासायला बोलावलं का?