समुद्रजलातील तेलाचे अनुदीप्तिमापन

समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या किंवा सूक्ष्म थेंबांच्या रूपात विखुरलेल्या खनिज तेलाचे अत्यल्प प्रमाण त्याच्या अनुदीप्तीवरून (फ्लुओरेसन्स) ठरविण्याच्या पद्धतीस अनुदीप्तिमापन म्हणतात. पाण्यावरील तवंग डोळ्यांना दिसतो. परंतु लिटरमागे एखादा मायक्रोग्रॅम तेल असल्यास ते दिसत नाही आणि वासानेही कळत नाही.

काही पदार्थ कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून तत्काळ अधिक तरंगलांबीचा प्रकाश उत्सर्जित करतात. या गुणधर्माला जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये फ्लुओरस्पार या खनिजावरून नाव दिले. तेलातील बेंझीनसारखी वलये असलेली ॲरोमॅटिक संयुगे अशी अनुदीप्ती दाखवितात. सरळ साखळीची संयुगे दाखवीत नाहीत.

मापनाची रीत

नमुना सामान्यतः पृष्ठभागाखाली १ मीटर खोलीवर, काचेच्या बाटलीत घेतात. बाटलीला तवंगाचा, जहाजाच्या तेलाचा किंवा हाताचाही स्पर्श झाला तर पुढील सारे श्रम वाया जातात. पाणी हेक्झेनबरोबर हलवून तेल त्या द्रावकात उतरविले जाते. वेगळ्या केलेल्या थरावर ३१० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकून ३६० नॅनोमीटरजवळील उत्सर्जन मोजतात. युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाच्या १९८४ च्या पुस्तिकेत ही पद्धत दिलेली आहे. नुसत्या हेक्झेनचे वाचनही घेऊन ते वजा करावे लागते.

आकड्याचा अर्थ

वाचनाची तुलना क्रायसीन या चार वलयांच्या संयुगाच्या ज्ञात द्रावणाशी करतात. त्यामुळे मिळणारा आकडा ‘क्रायसीन-तुल्य’ असतो. ते तेलाचे प्रत्यक्ष वजन नव्हे. क्रायसीनऐवजी कच्चे तेल मानक धरल्यास त्याच नमुन्याचा आकडा कितीतरी मोठा येतो, कारण कच्च्या तेलाचा थोडाच भाग अनुदीप्त असतो. मानक न सांगता दिलेला आकडा म्हणूनच जवळजवळ निरुपयोगी ठरतो. १९९१ च्या आखाती युद्धातील तेलगळतीनंतर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उत्तर अरबी समुद्रातील तेलप्रदूषण तपासले होते. अशा नोंदींची इतर वर्षांशी तुलना करतानाही प्रथम मानक पाहावे.

पाण्यातील नैसर्गिक सेंद्रिय द्रव्येही अनुदीप्त असतात. उलट तेल फार दाट असल्यास ते स्वतःचाच प्रकाश शोषते व वाचन कमी येते. तेव्हा द्रावण विरल करून पुन्हा मोजतात.

पाण्यात थेट सोडता येणारे अनुदीप्तिमापकही वापरात आहेत. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातील डीपवॉटर होरायझन दुर्घटनेनंतर अशा उपकरणांना सुमारे १,००० ते १,३०० मीटर खोलीवर अनुदीप्तीत वाढ आढळली. पृष्ठभागावरून न दिसणारे तेल कोठे शोधावे, हे त्यावरून कळले. त्याची ओळख पटविण्यासाठी मात्र नमुन्यांचे वायुवर्णलेखन करावे लागले.