कमरेंतील अडसर

वाट चालतां चालतां पोटऱ्या भरून याव्यात, घटकाभर थांबल्यावर बरें वाटावें, आणि पुन्हा शंभर पावलें टाकतांच तीच व्यथा उठावी, असें झालें म्हणजे आपण तें दुखणें वार्धक्याच्या पदरीं घालून मोकळे होतों. परंतु पुष्कळदां दोष पायांत नसून कमरेंत असतो. हृदयापासून खालीं येणारी महाधमनी बेंबीच्या सुमारास दुभंगते व तिच्या दोन शाखा कटिभागांतून मांड्यांकडे जातात. त्या आंतून अरुंद झाल्या कीं पाय रक्ताला पारखे होतात. व्याधि बळावली कीं पाय कापण्याची पाळी येते.

रने लेरीश या फ्रेंच शल्यवैद्यानें १९२३ सालींच सांगून ठेविलें होतें कीं, बुजलेला भाग काढून तेथें दुसरी धमनी जोडणें हाच खरा उपाय. विचार सुचला, तो हातून घडण्यास सत्तावीस वर्षें लागलीं. १९५० च्या जूनमध्यें अन्नपूर्णा शिखर सर करणाऱ्या फ्रेंच तुकडीचे वैद्य झाक ऊदो यांस हिमदंशानें मेलेलीं बोटें कापावीं लागलीं. त्याच वर्षीं १४ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं महाधमनीचा बुजलेला दुभाग काढून तेथें मृताची धमनी जोडली. अवयव कापणारा हात अवयव राखणाराहि झाला!

पुढील पाऊल मात्र योगायोगानें पडलें. १९६३ सालीं अमेरिकेंत चार्ल्स डॉटर हे क्ष-किरणचित्रासाठीं एका रोग्याच्या धमनींत नळी सरकवीत असतां ती कटींतील बुजलेल्या शाखेंतून नकळत पार गेली, आणि वाट मोकळी झाली. १९६४ च्या जानेवारींत त्यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. पाय सडूं लागला होता, पण तो कापूं देण्यास ती राजी नव्हती. डॉटर यांनीं तिच्या मांडींतील अरुंद धमनी नळ्यांनीं रुंदाविली आणि पाय वांचला. पुढें १९७४ सालीं झुरिक येथें ग्रुंट्झिग यांनीं नळीच्या टोकाशीं फुगा बसविला. कालांतरानें धातूची जाळीहि आली.

म्हणून शस्त्र निरुपयोगी झालें असें मात्र नव्हे. अडथळा आंखूड असल्यास नळी पुरते. लांबवर बुजलेल्या धमनीस आजहि कित्येकदां शस्त्रक्रियाच लागते. आणि तंबाखूचा धूर सुटला नाहीं, तर दोहोंचेंहि यश टिकणें कठीण.

शल्यविद्येची थोरवी तिनें काय कापलें यावरून नव्हे, तर काय कापण्याचें टाळलें यावरून मोजावी, असें आम्हांस वाटतें. त्या वृद्धेचा नकार या इतिहासांत म्हणूनच वैद्यांच्या कौशल्याइतका मोलाचा ठरतो.