एका खोलीच्या शाळेचे ऋण

आपल्या ज्ञातीत आज वकील, डॉक्टर, इंजिनिअर झालेली मंडळी आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु या उत्कर्षाचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा खेड्यातील एका खोलीच्या, एका मास्तरांच्या शाळेत सापडते. तिचे स्मरण या प्रसंगी उचित होईल.

ती खोली सुखासुखी मिळाली नाही. रयत साऱ्याबरोबर लोकल फंडाची पट्टी भरीत असे. तरी 1882 साली महात्मा जोतीराव फुले यांना हंटर कमिशनपुढे सांगावे लागले की, मुंबई इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाही. जेथे शाळा निघाली तेथेही ती पुष्कळदा चावडीत, धर्मशाळेत वा देवळाच्या ओसरीवर भरे. मास्तर एका इयत्तेस लेखन देऊन दुसरीची उजळणी घेत. मोठी मुले बिगरीच्या मुलांचा हात धरून अक्षरे गिरवून घेत.

पण देवळाच्या ओसरीवर सर्वांना प्रवेश कोठला? राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुले एकत्र बसविण्याचा हुकूम काढला. 1923 साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक शाळाही सर्वांस खुल्या ठरल्या. ठराव झाला, मने मात्र उंबरठ्यावरच अडली.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 1966 च्या सुमारास आम्ही ज्या खोलीत मुळाक्षरे गिरविली, तेथे काही मुले दाराशी निराळी बसत. आमच्या वडीलधाऱ्यांस ते गैर वाटले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. पुढे शिक्षक झाल्यावर आम्ही मुलांस गोलाकार बसवू लागलो, ते याच शल्यापोटी.

1987 च्या खडू-फळा मोहिमेने किमान दोन खोल्या व दोन शिक्षक हे ध्येय ठेविले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आवश्यक ठरविले. परंतु 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळेत मिळविण्याचा विचार राज्यात पुढे आला. आपली मुले तेथे नसतील. पण ज्यांची आहेत, त्यांस दूरची वाट परवडेल काय?

बंधुभगिनींनो, दाराशी बसलेल्या मुलांविषयी आपण एकदा मौन पाळिले. आता दारच बंद होत असता पुन्हा मौन पाळिले, तर त्या खोलीचे ऋण कसे फिटावे?