अर्ध्या हप्त्यांची सायकल आणि नोकरी सोडण्याचा हक्क

ब्रिटनमध्ये एखाद्या कामगाराने कामाच्या ठिकाणच्या योजनेतून सायकल भाड्याने घेतली आणि हप्ते अर्धे झाले असताना नोकरी सोडली, तर काय होतं? प्रश्न किरकोळ वाटेल. आपल्याकडे ऊसतोड कामगार, सफाई कामगार, कंत्राटी कामगार यांचे प्रश्न पेटलेले असताना विलायतेच्या सायकलीचं काय घेऊन बसलात, असंही कुणी म्हणेल. पण या प्रश्नाच्या पोटात कामगारांच्या इतिहासातला एक मोठा प्रश्न दडलेला आहे. काम अर्धवट टाकून जाणाऱ्या माणसाकडून मालकाला काय वसूल करता येतं? नुसते पैसे, की तो माणूससुद्धा?

आधी योजना समजून घेऊ. १९९९ साली ब्रिटनच्या सरकारने 'सायकल टू वर्क' नावाची करसवलत आणली. मालक सायकल विकत घेतो आणि कामगाराला बहुधा १२ महिन्यांसाठी भाड्याने देतो. भाडं पगारातून जातं, पण कर आणि नॅशनल इन्शुरन्स कापण्याच्या आधी. म्हणून सायकल स्वस्त पडते. समजा १२०० पौंडांची सायकल आहे. महिन्याला १०० पौंड कापले जातात. २० टक्के कर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स भरणाऱ्याच्या हातातला पगार त्यामुळे ७२ पौंडांनीच कमी होतो. वर्षात १२०० ची सायकल ८६४ पौंडांत पडते.

आता तो पाच महिन्यांनी नोकरी सोडतो. सवलतीच्या दराने त्याचे ३६० पौंड गेलेले आहेत. उरलेले ७०० पौंड शेवटच्या पगारातून कापले जातात, आणि तेही कर भरून झाल्यावर हातात येणाऱ्या रकमेतून. म्हणजे उरलेल्या हप्त्यांवरची सवलत बुडाली. एकूण खर्च १०६० पौंड. शिवाय सायकल आपोआप त्याची होत नाही. मुळात हा भाड्याचा करार असतो, मालकीचा व्यवहार वेगळा करावा लागतो. राजीनामा स्वतःहून दिला की मालकाने काढून टाकलं, यानेही बहुतेक करारांत फरक पडत नाही. कामगार कपातीत नोकरी गेलेल्या माणसाच्या शेवटच्या पगारातूनही ही रक्कम जाते.

हे जाचक आहेच. पण त्याच्यावर पोलीस येत नाहीत. त्याला कुणी ओढून पुन्हा कामावर नेत नाही. हिशोब होतो आणि तो मोकळा होतो. आज ही गोष्ट साधी वाटते. ती मिळवायला शतकं लागली आहेत.

१८२३ च्या 'मास्टर अँड सर्व्हंट' कायद्यानुसार इंग्लंडमध्ये करार मोडून काम सोडणाऱ्या कामगाराला तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकत होती. करार मालकाने मोडला तर मात्र प्रकरण फक्त पैशांचं. करार एकच, पण एका बाजूला तुरुंग आणि दुसऱ्या बाजूला भरपाई! १८५८ ते १८७५ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये असे वर्षाला सरासरी सुमारे दहा हजार खटले चालत. कामगार संघटनांनी झुंज दिली आणि १८७५ साली संसदेला ही शिक्षा रद्द करावी लागली. तेव्हापासून नोकरीचा करार मोडणं ही तिथे दिवाणी बाब झाली.

पगारातून कापून घेण्याची लढाई वेगळी चालली. गिरणीमालक आणि खाणमालक पगाराऐवजी आपल्याच दुकानातला माल कामगाराच्या गळ्यात मारत. १८३१ च्या 'ट्रक ॲक्ट'ने पगार नाण्यांतच द्यायला लावला. १८९६ च्या कायद्याने दंड आणि कपातीवर बंधनं घातली. हे कायदे १९८६ साली मोडीत निघाले. त्यांची जागा घेणारा नियम आज १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यात आहे : कायद्याची वा कराराची तरतूद किंवा कामगाराची आगाऊ लेखी संमती असल्याशिवाय पगारातून कापता येत नाही. सायकल घेताना केलेली सही म्हणजे हीच संमती.

आता आपल्या देशाकडे या. गोऱ्या सरकारने हेच तुरुंगाचं तत्त्व इथे १८५९ च्या १३ व्या कायद्याने लागू केलं. आगाऊ रक्कम घेऊन कामावर न येणाऱ्या मजुराला दंडाधिकारी पैसे परत करायला किंवा काम पुरं करायला सांगे. काम करण्याचा हुकूम मोडला तर तीन महिने सक्तमजुरी. आसामच्या चहामळ्यांत हा कायदा मजुरांच्या मानेवर बसला. इंग्लंडच्या कामगाराची १८७५ मध्ये सुटका झाली, पण इथल्या मजुरासाठी हा कायदा रद्द करायला १९२५ साल उजाडलं. पन्नास वर्षांचा हा फरक लक्षात ठेवा. मुक्ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही.

आणि गावगाड्यातल्या महाराला तर राजीनामा देण्याची सोयच नव्हती. वतन म्हणजे पिढीजात काम. चाकरी नाकारली की वतनाची जमीन धोक्यात. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं, ते या गुलामगिरीवर घाव घालण्यासाठीच.

दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं. काही परिस्थितीत संप करणं गुन्हा ठरणार होतं. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब विधानसभेत विरोधात उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग, आणि करारभंग ही दिवाणी बाब आहे. तिला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला लावणं, म्हणजेच त्याला गुलाम करणं. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांनी एक दिवसाचा संप केला. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची कर्जं रद्द ठरवली.

ही कसोटी हातात घेऊन दोन उचली शेजारी ठेवा. ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे एक 'कोयता', हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं. हंगाम अर्धवट सोडला किंवा उचल फिटली नाही, तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात जावं लागतं. ब्रिटनमधल्या कामगाराची सायकलही एका अर्थाने उचलच आहे. पण तिची रक्कम लेखी, मुदत ठरलेली. बाकी फेडली की दुसऱ्या दिवशी तो कुठल्याही मालकाकडे जाऊ शकतो. एका उचलीत पैसे बांधलेले आहेत, दुसरीत माणूस बांधलेला आहे.

म्हणून ब्रिटनच्या योजनेची आरती ओवाळायचं कारण नाही. पगारकपातीने रोख पगार किमान वेतनाच्या खाली नेता येत नाही. नियम योग्यच आहे, कामगाराच्या रक्षणासाठीच आहे. पण त्यामुळे किमान वेतनावर राबणारा सफाई कामगार या योजनेच्या बाहेर राहतो. ४० टक्के कर भरणाऱ्या साहेबाचे मात्र त्याच १२०० पौंडांच्या सायकलीवर ५०४ पौंड वाचतात, मघाच्या कामगाराचे ३३६, आणि सफाई कामगाराचा एकही नाही. जेवढा वर, तेवढी सवलत जास्त. ही उतरंड आपल्याला ओळखीची वाटली तर नवल नाही. आणि दिवसभर सायकल मारून घरोघरी जेवण पोचवणारा? तो बहुधा 'स्वतंत्र व्यावसायिक' ठरतो, त्यामुळे नोकरदारांच्या या योजनेत त्याला जागा नाही. डिलिव्हरूच्या रायडर्सच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ते रोजगार संबंधात मोडत नाहीत असा निकाल दिला आणि सामुदायिक वाटाघाटीसाठी मालकाला भाग पाडण्याचा त्यांचा दावा फेटाळला. ज्याचं पोट सायकलवर, त्यालाच सायकलची सवलत नाही!

तरुण मित्रांनो, आज तुमच्यापुढे बाँड येतात, प्रशिक्षणाच्या खर्चाची वसुली येते, नोटीस पिरियडचे पैसे येतात. सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. मधेच सोडलं तर नेमकी किती रक्कम द्यावी लागेल? मालकाने काढलं तरी ती मलाच द्यावी लागेल का? आणि रक्कम दिल्यावर मी पूर्ण मोकळा होतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर कागदावर नोकरी लिहिलेली असली तरी ती वेठबिगारीच आहे. तिथे सही करायची नसते, संघटना करायची असते.

जय भीम!