गुग्गुळाचा इतिहास आणि आजची गोळी

आपल्या इंदूरच्या उत्तरेस, चंबळच्या खोऱ्यातील मुरैना-भिंडकडील रुक्ष घळींत एक काटेरी झुडूप उगवते. त्याच्या सालीला चीर दिली की डिंक पाझरतो. तोच गुग्गुळ. देवघरात तो धुपात जळतो, वैद्याच्या खलात कुटला जातो. बाळ येशूला ज्ञानी पुरुषांनी अर्पण केलेला गंधरस हाही याच वर्गातील दुसऱ्या झाडाचा डिंक होय. पण तो विषय निराळा.

सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे. वाढलेल्या मेदाने शरीरातील स्रोतसे अवरुद्ध होतात, असे तेथे सांगून उपचारांत शिलाजित, त्रिफळा यांच्याबरोबर गुग्गुळही दिला आहे. कोलेस्टेरॉल प्राचीनांस ठाऊक होते असे यावरून म्हणणे मात्र उतावळेपणाचे ठरेल. जुने वैद्य कच्चा गुग्गुळ सहसा देत नसत. फडक्यात बांधून, त्रिफळ्याच्या काढ्यात शिजवून, शुद्ध करून मगच देत. हे द्रव्य जपून वापरायचे आहे, ही जाणीव त्या खटाटोपात दिसते.

या वर्णनाची आधुनिक कसोटी घेतली ती डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी. काशी हिंदू विश्वविद्यालयातील १९६६ च्या आपल्या प्रबंधासाठी त्यांनी सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते असे दाखविले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या त्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याच धाग्यावरून गुग्गुलिपिड हे औषध सिद्ध केले व १९८६ साली त्याच्या विक्रीस परवानगी मिळाली. ग्रंथातील एका वचनापासून औषधाच्या दुकानापर्यंतचा हा प्रवास खरोखरच अभिमानास्पद आहे.

परंतु इतिहास तेथे थांबला नाही. २००३ साली अमेरिकेत १०३ प्रौढांवर ८ आठवडे झालेल्या चाचणीत अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. त्याआधी १९९४ मध्ये, गुग्गुळ बरोबर घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम ही हृदयरोगाची औषधे रक्तात कमी उतरतात, असे आढळले होते. प्रयोगशाळेत असेही दिसले की, सिम्व्हास्टॅटिन व ॲटोर्व्हास्टॅटिन यांचे विघटन करणारे यकृतातील विकर गुग्गुळामुळे अधिक जोमाने काम करू लागते. तसे शरीरात घडले, तर गोळी घेऊनही तिचा गुण कमी पडावयाचा.

उलट दिशेचा धोका लाल बुरशीच्या तांदळाचा. चीनमध्ये पूर्वापार वापरात असलेल्या या तांदळाच्या कॅप्सूल ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जातात. त्याच वर्गातील बुरशीतून जपानचे अकिरा एन्दो यांनी १९७९ मध्ये मोनाकोलिन-के वेगळे केले. ते आणि १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लोव्हास्टॅटिन हे एकच द्रव्य. म्हणजे स्टॅटिनबरोबर ही कॅप्सूल घेणारा नकळत दुहेरी मात्रा घेतो. मात्रा वाढली की स्नायूंना इजा होण्याचा संभव वाढतो. क्वचित मूत्रपिंडेही निकामी होतात.

आपल्या घरांतील पेच याहून साधा आहे. वडीलधारी माणसे स्टॅटिन घेतात. पाय दुखू लागले की संधिवात समजून योगराज गुग्गुळ सुरू करतात. दुखणे मूळच्या गोळीचे असू शकेल, हे ध्यानात येत नाही. आणि गुग्गुळ हे ‘औषध’च वाटत नसल्याने डॉक्टरांना सांगितलेही जात नाही. वैद्यांनाही स्टॅटिनची वार्ता नसते. म्हणून दोघांकडे जाताना दोघांच्याही डब्या पिशवीत घालून न्याव्यात. स्नायू अकारण दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आणि स्टॅटिन मनानेच बंद करून त्या जागी गुग्गुळ घेऊ नये. २००३ च्या चाचणीनंतर तरी त्यास आधार उरलेला नाही.